पाण्याच्या बाजूने

मु. कोसमटोली, ता. सिंदेवाही
९ एप्रिल २०२५

आदरणीय व्याहीबुवा धनराजजी निकुरे यांना नीलाबाई गुरनुलेचा नमस्कार.

तुम्ही माझा फोन दोनदा कापला आणि तिसऱ्यांदा उचलून "मी मीटिंगमध्ये आहे" म्हणालात. तुम्हाला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता मीटिंग कोणाशी चालते ते मी विचारत नाही. कागद मधेच कापता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

सिंदेवाहीला तुमच्या प्लॉटवर मुलांचं घर उठतं आहे, त्याच्या तळघराबद्दल बोलायचं आहे. तुमचा मुलगा आदेश आणि माझी लेक दिव्या यांची नाटक मंडळी पावसाळाभर तालीम करते आणि दिवाळीनंतर गावोगाव प्रयोग करत फिरते. भाड्याच्या हॉलवरून शेजाऱ्यांनी तीनदा तक्रार केली, तेव्हा ढोलकी आणि माईक जमिनीखाली न्यायचं ठरलं. ठरवलं तुम्हीच. मुलं खूश झाली, मीही झाले, ते नाकारत नाही.

आता चारही भिंती उभ्या आहेत, वर स्लॅब पडला आहे आणि बाहेरच्या अंगाला भिंत आणि माती यांच्यात माणूस उतरेल एवढी जागा अजून मोकळी आहे. जावईबापू सांगतात की बाबांनी ती जागा मातीने बुजवायला सांगितली आहे आणि पाणी अडवायला आतून केमिकलचा लेप पुरे म्हणाले आहेत.

मी शिकले सातवी. पण धानाच्या बांधीत माझी चाळीस वर्षं गेली. खेकडा पाळीला, म्हणजे बांधाला, बीळ पाडतो आणि पाणी पलीकडे झिरपायला लागतं. नवखा माणूस कोरड्या बाजूला बसून चिखल थापत राहतो, आणि पाणी तो चिखल ढकलून देतं. जाणता माणूस गुडघाभर पाण्यात उतरतो, पाण्याच्या बाजूने बिळाचं तोंड शोधतो आणि तिथे चिखल दाबतो. मग पाणीच त्या चिखलाला दाबून धरतं. तुमच्या भिंतीला हे लागू नाही असं असेल तर का नाही ते लिहा.

मी झिंगू मिस्त्रीला विचारलं. भिंतीला बाहेरून डांबरी शीट चिकटवायची, माती तिला टोचू नये म्हणून विटांची आडभिंत घालायची आणि मग माती भरायची, हे करता येतं म्हणाला. आज करता येतं. माती भरल्यावर पुन्हा सगळं खोदावं लागेल.

त्या खोलीत माझी लेक अनवाणी नाचणार आहे आणि तिच्या चहूबाजूंनी विजेच्या वायरी पडलेल्या असणार आहेत. मला एवढंच दिसतं. उत्तर लेखी द्या.

नीलाबाई गुरनुले


गोंडपिपरी
१६ एप्रिल २०२५

श्रीमती नीलाबाई गुरनुले यांस,

आपले दि. ९ चे पत्र पोचले. लेखी उत्तर मागितले आहे म्हणून देतो. मुलाकडचे लोक मुलीकडच्यांना लेखी खुलासे देत बसले असे आमच्या घराण्यात अजून घडलेले नव्हते.

मी चौतीस वर्षे पाण्याच्या खात्यात काढली. कालवे बांधले, तलावांच्या पाळी दुरुस्त केल्या. तुमची बांधी आणि आरसीसीची भिंत यांत फरक आहे. तो समजावून सांगण्यासाठी मला तुम्हाला आठवीपासून शिकवावे लागेल.

तरी थोडक्यात. बाहेरून शीट लावायची तर भिंत खडखडीत कोरडी हवी आणि जोड देणारा कारागीर नागपूरहून आणावा लागेल. झिंगूने आयुष्यात शीट पाहिलेली नाही. एक जोड चुकला की पाणी शीटच्या मागे शिरते, आणि ते कुठून शिरले हे कोणाच्या बापाला सापडत नाही, कारण सगळे मातीखाली गेलेले असते. भिंतीला बाहेरून शहाबादी फरशीची पेटी करतात, ती जुनी पद्धत आहे, सांधे फुटतात. आतून लेप दिला तर तो डोळ्यांसमोर राहतो. बिघडला तर दिसतो, दिसला तर दुरुस्त होतो. शिकलेला माणूस असा विचार करतो.

आणि मुळात हा वादच निरर्थक आहे. सदर जागेत पाणी नाही. ते मी स्वतः तपासून स्वतःच्या सहीने लिहिलेले आहे. लेप हा निव्वळ पावसाळी ओलीसाठी आहे.

दिव्याच्या अनवाणी पायांबद्दल. माझ्या सुनेने स्टेजवर नाचावे ही माझी हौस नव्हे. मुलाच्या हट्टापुढे मी गप्प बसलो. निदान तो आवाज रस्त्यावर ऐकू येऊ नये एवढी सोय मी केली आहे. ती कशी करायची हे मला ठरवू द्या.

शनिवारी २६ तारखेला माती भरली जाईल.

ध. वि. निकुरे


कोसमटोली
२७ एप्रिल २०२५

व्याहीबुवा,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला पटली. शीट मातीखाली गेली की चूक दिसत नाही, हे खरं आहे. म्हणून काल मी सकाळी सातच्या गाडीने सिंदेवाहीला गेले, की माती भरायच्या आधी जे आहे ते डोळ्यांनी पाहून घ्यावं.

मी खड्ड्यात उतरले. तुमचा झिंगू वरून ओरडला, "बाई, इथी काऊन उतरून राह्यल्या? साहेबानं मले सांगतलं, आज दिवस बुडायच्या आत खड्डा बुजला पाहिजे म्हून."

मी म्हटलं, "बुजव नं. पण हे माती कुठची होय?"

"इथचीच जी. खोदलं तवा जे निंघाली ते."

"काळी काऊन आहे? वरच्या रस्त्याची तं लाल आहे."

तो डोकं खाजवत म्हणाला, "हाव जी. गाळावानी दिसते. मी साहेबाले म्हटलं होतं. साहेब म्हणे, तू तुझं काम कर."

मी ती माती हातात चुरडली. लोण्यासारखी मऊ, वास तळ्याचा. तिच्यात गोगलगायींचे शंख होते, बोटाच्या पेराएवढे, आणि शिंपल्यांचे तुकडे. मी मूठभर पदरात बांधून आणले. डोंगरउतारावर ज्या जागेत "पाणी नाही", तिथे गोगलगायी कोणाच्या लग्नाला आल्या होत्या?

व्याहीबुवा, कुठेतरी पाणी मुरतंय. मी एकदाच विचारते, नीट उत्तर द्या. ही जागा पूर्वी काय होती?

शीट नको असेल तर दुसरा मार्गही झिंगूने सांगितला. आत फरशीच्या कडेने नाळी काढायची, ती कोपऱ्यातल्या खड्ड्यात सोडायची आणि खड्ड्यात आपोआप चालू होणारी मोटार बसवायची. पाणी आलं तर मोटार ते बाहेर फेकेल. नाही आलं तर मोटार पडून राहील. यात तुमच्या विद्वत्तेला कुठे धक्का लागतो?

नीलाबाई


गोंडपिपरी
६ मे २०२५

नीलाबाई,

शंखशिंपले नदीच्या वाळूतून येतात. भिंतीला लागलेली वाळू वैनगंगेची आहे. तुम्ही पदरात बांधून नेले ते घरी पुजून घ्या.

खड्डा बुजला. परवा लेपही झाला. माल मोठ्या कंपनीचा आहे, पंधरा वर्षांची हमी आहे, हमीचा कागद माझ्याजवळ आहे. दोन हात दिले, मी स्वतः उभा होतो. भिंती आरशासारख्या दिसतात.

नाळी आणि मोटार होणार नाही. तळघरात मोटार लावणे म्हणजे तिथे पाणी आहे हे कबूल करणे. घर पाहायला चार माणसे येतात. निवृत्त ओव्हरसिअरच्या घरात पाणी उपसायची मोटार पाहून ती काय म्हणतील?

यापुढे आपण कामावर येऊ नये. झिंगूला प्रश्न विचारू नयेत. तो माझा माणूस आहे. प्लॉट माझा आहे आणि सूनही माझी आहे. आपण मुलीची आई आहात, पाहुणचाराला यावे, आनंदाने जेवून जावे.

जागा पूर्वी काय होती हा प्रश्न गैरलागू आहे. मोकळी जागा होती.

ध. वि. निकुरे


कोसमटोली
४ जुलै २०२५

व्याहीबुवा,

आमच्याकडे धानाचं रोवणं चालू आहे. दिवसभर चिखलात वाकून असते, म्हणून उशीर झाला.

मुलं तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. तुमच्या आरशाला फोड आले आहेत. पश्चिमेच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, लेप पापडासारखा फुगला आहे. बोट लावलं की गळून पडतो आणि मागून पाण्याची धार नाही, पण ओघळ येतो, न थांबणारा. दिव्या रोज सकाळी पोत्यांनी फरशी टिपते, मग तालीम सुरू होते. झिंगू दोनदा येऊन ठिगळ लावून गेला. एका ठिगळाच्या शेजारी दुसरा फोड येतो. तो म्हणाला, "बाई, पाणी मागून रेटून राह्यलं, मी समोरून किती थापू?" तो सातवीसुद्धा शिकलेला नाही.

तुमच्या मागच्या पत्रातलं एक वाक्य मला फार आवडलं. मोटार लावणे म्हणजे पाणी आहे हे कबूल करणे. कोणाजवळ कबूल करणे, व्याहीबुवा? मला तर तुम्ही कबुलीचं काही देणं लागत नाही. आदेशजवळ? की आणखी कोणाजवळ?

तालीम पूर्ण जोरात यायला अजून महिना आहे. आज तुम्ही मुलांना खरं सांगितलंत तर ती पुन्हा भाड्याच्या हॉलवर जातील आणि पावसाळा संपल्यावर बाहेरून खोदता येईल. तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. माझ्या तोंडून आलं तर तुम्ही म्हणाल की विहीण पाण्यात पाहते.

पाहतेच. पण तुम्ही सांगा.

नीलाबाई


गोंडपिपरी
१५ जुलै २०२५

नीलाबाई,

त्याला भिंतीला घाम येणे म्हणतात. बाहेर दमट हवा, आत गार भिंत, त्यामुळे थेंब जमतात. दोन पंखे लावायला आदेशला सांगितले आहे. फोड आले ते झिंगूने पहिला हात वाळू न देता दुसरा दिला म्हणून. कंपनीचा माणूस बोलावला आहे.

काल इथल्या बसस्टँडवर नव्या नाटकाचे पोस्टर लागलेले पाहिले. माझ्या सुनेचा चेहरा पानठेल्याच्या वर, गुटख्याच्या जाहिरातीशेजारी. ठेलेवाला मला म्हणाला, "साहेब, हे तुमचीच सून होय नं?" तुम्हाला ओल्या भिंतीची चिंता आहे. मला गावातून चालावे लागते.

आपण कबुलीची भाषा करता. मी कोणाचा गुन्हेगार नाही.

ध. वि. निकुरे


कोसमटोली
२४ ऑगस्ट २०२५

धनराज निकुरे,

आज व्याहीबुवा लिहायला हात होत नाही.

सोमवारी अकराच्या सुमारास तालीम चालू असताना दिव्याने माईकचा लोखंडी स्टँड धरला. फरशी ओली होती. स्टँडमध्ये करंट उतरला होता. हात सुटेना. ढोलकीवाल्या नथ्थूने लाकडी पाट हाणून तिचा हात सोडवला, नाहीतर मी हे पत्र लिहीत नसते, तुमच्या दारात आले असते आणि काय केलं असतं ते मला माहीत नाही. उजव्या तळव्याला आणि तीन बोटांना खोल भाजलं आहे. चंद्रपूरला पाच दिवस दवाखान्यात होती. तुम्ही आलात, लोकांदेखत डॉक्टरांशी इंग्रजी बोललात आणि गेलात. तिच्या हाताकडे तुम्ही पाहिलं नाही. मी तुमच्याकडे पाहत होते.

परवा पोळा झाला. मी बैलांना ओवाळलं नाही.

आता ऐका. तुमची ती "मोकळी जागा" ही भुऱ्याची बोडी होती. प्लॉटामागच्या टोलीचं, त्या जुन्या वस्तीचं, लहान तळं. एप्रिलमध्ये ते शंख घेऊन मी सरळ टोलीतल्या बुधरीबाईकडे गेले होते. ती ऐंशीची आहे, डोळ्यांनी दिसत नाही. मी शंख तिच्या हातावर ठेवले. तिने चाचपले आणि म्हणाली, "हे तं आमच्या बोडीतले होत. कुठी भेटले तुले?" मग तिने सगळं सांगितलं. दोन हजार चार साली बोडी बुजवायची ठरली तेव्हा टोलीतली बारा माणसं तुमच्या हापिसात गेली होती. त्यांना एक कागद वाचून दाखवला. बोडी पाणी धरत नाही, सबब निकामी. खाली सही होती. सही कोणाची, ते तिने मला सांगितलं. "निकुरे सायबाची. बारीक होता तवा, मिशीवाला."

बोडी पाणी धरत नाही असं तुम्ही लिहून दिलंत. म्हणून भिंतीबाहेर पाणी नाही. म्हणून शीट नको, नाळी नको, मोटार नको. तुमच्या एका जुन्या सहीसाठी माझ्या लेकीचा हात गेला.

एप्रिलपासून मी वाट पाहत होते की तुम्ही तुमच्या तोंडाने सांगाल. प्रत्येक पत्रात दार उघडं ठेवलं. आता बोला.

नीलाबाई गुरनुले


गोंडपिपरी
३१ ऑगस्ट २०२५

नीलाबाई,

बोलतो.

मार्च दोन हजार चार. मी त्या बोडीच्या पाळीवर उभा होतो. उन्हाळा तोंडावर आला होता तरी कमरेइतके पाणी होते. शिंगाड्याचे वेल होते, दोन पोरी म्हशी धूत होत्या. माझे वरचे साहेब जीपमध्ये बसून होते, त्यांना ऊन सोसत नसे. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिले की बोडी पाणी धरत नाही. लिहिताना पाण्याचा आवाज येत होता. पुढे बोडी बुजवून तिथे ले-आऊट पडला आणि त्यातला एक प्लॉट माझ्या नावावर झाला. बाकी तुम्हाला समजते.

पाणी येणार हे मला माहीत होते. खड्डा खोदला तेव्हा गाळ निघाला हेही मला झिंगूने सांगितले होते. बाहेरून काम करायचे तर तो खड्डा महिनाभर उघडा राहिला असता आणि टोलीतली म्हातारी माणसे येऊन डोकावली असती. म्हणून घाईने बुजवला. लेप चालेल असे मी स्वतःला पटवले. पश्चिमेकडून बोडीत येणारा पाट वरून बंद झाला असला तरी जमिनीखालून पाणी त्याच वाटेने येते. लहान पोरालाही हे कळेल. मी चौतीस वर्षांचा अनुभव वापरून ते न कळल्यासारखे केले.

दिव्याच्या हाताकडे मी पाहिले नाही हे खरे आहे. मला पाहवले नाही.

हे सगळे लिहून झाले. आता तुम्ही ऐका.

तुम्हाला एप्रिलपासून माहीत होते. तुमच्याच पत्रात आहे. शंख, बुधरीबाई, सही, सगळे. मी नाव वाचवण्यासाठी गप्प बसलो. तुम्ही कशासाठी गप्प बसलात? एक फोन दिव्याला केला असतात, "पोरी, ती खोली बोडीत आहे, उतरू नको," तर काम संपले असते. तुमची लेक, तुमचा फोन, तुमचे तोंड. पण मग मी कबूल केले नसते, आणि तुम्हाला तेच हवे होते. तुम्ही मला चार महिने पत्रातून नाचवत होतात आणि ती खाली ओल्या फरशीवर नाचत होती.

तुमचे २४ तारखेचे पत्र मी आज पाकिटात घालून दिव्याला पाठवत आहे. सासऱ्याने काय केले ते तिला कळणारच आहे. आईने काय केले तेही कळू द्या.

पावसाळा संपताच पश्चिम आणि उत्तर बाजू खोदायला घेतो. नागपूरच्या कारागिराशी बोललो आहे.

धनराज निकुरे


कोसमटोली
५ सप्टेंबर २०२५

तुमचं पत्र काल आलं. मी अर्धंच वाचलं आणि चपला घालून सिंदेवाहीला निघाले. तुमची कबुली तिच्या हातात ठेवायची, की पाहा, तुझा सासरा कोण आहे ते. बसमध्ये बसल्यावर उरलेलं अर्धं वाचलं. उतरून परत जावं असं वाटलं.

परतले नाही. पत्र देऊन आले. तुमचं पाकीट तिच्या उशाशी आधीच पडलेलं होतं, फोडलेलं. ती उठून आत गेली. चहा केला, डाव्या हाताने.

तुम्ही लिहिलं ते खोटं आहे असं मला लिहायचं होतं. कालपासून बसले आहे, लिहिता येत नाही. तुमचा राग येतो तेवढाच येतो, त्यात काही कमी झालं नाही. फक्त आता तो तुमच्यापाशी थांबत नाही.

नीलाबाई


सिंदेवाही
१४ सप्टेंबर २०२५

आई आणि मामाजी,

दोघांना एकच पत्र पाठवते आहे, एका शब्दाचा फरक नाही. कोणाला जास्त आणि कोणाला कमी बोलले असं वाटायला नको. मी सांगते आहे आणि आदेश लिहून घेतो आहे.

तुम्ही एकमेकांची पत्रं माझ्याकडे पोचवलीत. बाकीची आम्ही मागवून घेतली. आदेश गोंडपिपरीला जाऊन आईची घेऊन आला, नथ्थूभाऊ कोसमटोलीहून मामाजींची घेऊन आला. दोघांनीही लगेच काढून दिली. जपून ठेवली होती. मी ती तारखेप्रमाणे लावून एका बैठकीत वाचली. नाटक चांगलं आहे. दोन्ही पात्रांना भरपूर संवाद आहेत. माझं नाव पत्रापत्रात आहे, पण मला संवाद नाही.

तळघराचं आम्ही ठरवलं आहे. मामाजींचा नागपूरचा कारागीर नको. झिंगूभाऊ आणि चंद्रपूरची एक इंजिनिअर बाई येऊन पाहून गेले. तिने पहिला प्रश्न विचारला, ही जागा पूर्वी काय होती? आम्ही सांगितलं. दोन मिनिटं लागली. ती म्हणाली, तळ्याच्या जागेत एका उपायावर विसंबू नका. दिवाळीनंतर चारही बाजू खोदून बाहेरून शीट, भिंतीच्या पायथ्याशी गिट्टी भरलेली नाळी, आत मोटार, मोटार बंद पडली तर दुसरी मोटार, आणि विजेचा बोर्ड वरच्या मजल्यावर. तोपर्यंत खाली कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे.

बुधरीबाईला मी भेटून आले. बोडीबद्दल तिचं आणि टोलीचं काय करायचं ते मामाजींनी ठरवावं. ते मी त्यांच्या वतीने करणार नाही.

आता माझं.

मामाजी, जुलै महिन्यात तुम्ही आदेशच्या हाती माझ्यासाठी रबरी चपला पाठवल्या. तालमीत घालत जा असा निरोप होता. लग्नाला चार वर्षं झाली, तुम्ही मला स्वतःहून दिलेली ती पहिली वस्तू. मी मंडळीत सगळ्यांना दाखवली. म्हटलं, मामाजींना माझं नाटक आता चालतं. घुंगरू बांधल्यावर चपला घालता येत नाहीत, म्हणून त्या दिवशी काढून ठेवल्या होत्या.

आई, तू जूनपासून रोज सकाळी फोन करायचीस. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "दिव्या, पाणी आलं का वं?" किती आलं, कोणत्या भिंतीला आलं, काल होतं त्यापेक्षा जास्त आलं का. मी सगळं नीट सांगायची. फोन ठेवून नथ्थूभाऊला म्हणायची, "माय पाहा कशी जीव टाकते माह्यावर." मला वाटायचं तू माझी काळजी करतेस. तू मामाजींच्या विरुद्ध पुरावा गोळा करत होतीस.

तुम्हा दोघांनाही माझी काळजी होती, हे मला पत्रांतून दिसतं. ती खोटी नव्हती. म्हणूनच मला हे समजत नाही आणि मी समजून घ्यायचा प्रयत्न आता सोडला आहे.

तालीम शाळेच्या मागच्या पडवीत सुरू आहे. उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही, तरी माझी भूमिका मीच करणार आहे. पहिला प्रयोग कधी आणि कुठे ते पोस्टर लागेल तेव्हा कळेलच. तुम्ही दोघंही येऊ नका.

सही डाव्या हाताने मीच केली आहे.

दिव्या